चुकतेय? चुकू दे, पण मोजून!

बजाजनगरच्या गच्चीवरून तारे दिसत नाहीत, म्हणून दुर्बिणीनंच ते शोधायचे. पण दुर्बीणच भलतीकडे बघत असेल तर? आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर एका सीएनसी सेटरनं दिलं.

ऑक्टोबर 2024. संध्याकाळचे सहा चाळीस. आमच्या गच्चीवर आई, पप्पा, खालच्या मजल्यावरच्या काकू, त्यांची दोन पोरं, मी आणि दुर्बिणीला चिकटलेला माझा धाकटा भाऊ. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. त्सुचिनशान-अॅटलास धूमकेतू सूर्यास्तानंतर थोडाच वेळ दिसणार होता. तो आपल्या हयातीत परत येणार नाही, हे छोटूनं आठवडाभर कॉलनीत इतक्यांदा सांगितलं होतं, की काकू चहाचा थर्मास घेऊनच वर आल्या होत्या.

छोटूनं लॅपटॉपवर धूमकेतू निवडला, बटण दाबलं. मोटर कुरकुरली, नळी वळली, थांबली. स्क्रीनवर काय? राखाडी. नुसतं राखाडी. त्यानं थोडं डावीकडं नेलं, राखाडी. वर नेलं, राखाडी. पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. तोपर्यंत धूमकेतू रांजणगावच्या बाजूच्या शेडमागे गेलासुद्धा.

खरी मजा (म्हणजे आमची फजिती) पुढे आहे. त्याच रात्री काकूंच्या मोठ्या मुलाच्या मित्रानं स्टेटस टाकलं. मोबाइलच्या नाइट मोडमध्ये काढलेला फोटो, खाली शेत, वर अगदी शेपटीसकट धूमकेतू. म्हणजे फोनला सापडला, दुर्बिणीला नाही! छोटू त्या दिवशी जेवला नाही. दोन दिवसांनी त्यानं दुर्बिणीचे फोटो काढून ओएलएक्सवर टाकले. ‘कंडिशन चांगली’ असं लिहिलं होतं, ते वाचून मला वाईटही वाटलं आणि हसूही आलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? एक धूमकेतू हुकला. पण ही दुर्बीण त्यानं अप्रेंटिसशिपच्या स्टायपेंडमधून जमवली होती. 150 मिलिमीटरचा आरसा असलेली सेकंडहँड नळी, तिच्याखाली हातानं फिरवायचा जुना स्टँड. त्याला भंगारातल्या थ्रीडी प्रिंटरच्या स्टेपर मोटर लावल्या, पट्ट्या आणि पुली बसवल्या, आणि इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या ओपन सोर्स डिझाइनवरून कंट्रोलर जोडला. सकाळी सातची शिफ्ट. म्हणजे रात्री फार तर दोन तास हातात. त्यातला दीड तास जर ‘कुठंय, कुठंय’ करण्यात गेला, तर छंद टिकेल तरी कसा?

करंगळीएवढं आकाश

दुर्बिणीनं नेमकं बघणं इतकं अवघड का, हे कळायला एक प्रयोग करा. हात लांब करून करंगळी आकाशावर धरा. तिची जाडी साधारण एक अंश. पौर्णिमेचा चंद्र तिच्यामागे सहज लपतो, कारण तो अर्ध्या अंशाचाच आहे. अंशाचे 60 भाग केले की एक कला, कलेचे 60 भाग केले की एक विकला. चंद्र म्हणजे सुमारे 30 कला. छोटूचा छोटा कॅमेरा त्याच्या दुर्बिणीला लावला, की त्यात आकाशाचा साधारण 22 बाय 16 कलांचा तुकडा दिसतो. अख्खा चंद्रही मावत नाही! म्हणजे दुर्बीण करंगळीच्या निम्म्या जाडीनं जरी चुकली, तरी जे बघायचंय ते चौकटीबाहेर. आणि चौकटीबाहेर असलं, की ते एक बोट लांब आहे की अर्धं आकाश, हे स्क्रीनवरून कळत नाही.

गावाकडं ही अडचण निम्मी होते. अंधार असतो, तारे दिसतात, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत माणूस इष्ट जागी पोचतो. बजाजनगरात ती सोय नाही. कंपन्यांचे दिवे, नगर रोडचे दिवे, चौकाचौकांतले हायमास्ट, वर धुळीचा थर. चांगल्या रात्रीही उठून दिसणारे तारे मोजायला फार वेळ लागत नाही. वाट दाखवणारे छोटे तारे गायब. मला आधी वाटायचं, शहरात आकाश खराब आहे म्हणून इथं साधी दुर्बीणही पुरे. उलटं आहे राव! जिथं डोळ्याला दिसत नाही, तिथं मशीनला जास्त अचूक असावं लागतं.

मग ती चुकते कुठं? आकाशाची गणितं पक्की आहेत. कुठल्या क्षणी कुठला तारा कुठं असणार, हे कॉम्प्युटर विकलांच्या हिशोबात सांगतो. घोटाळा लोखंडात आहे. अशा स्टँडचा एक अक्ष बरोबर ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो, म्हणजे पृथ्वी जशी फिरते तशी, पण उलट्या दिशेनं, दुर्बीण फिरवता येते. बजाजनगरातून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर जेमतेम 20 अंशांवर असतो, आणि आमच्या गच्चीवरून तर तिथं शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आहे. म्हणून छोटूनं मोबाइलच्या होकायंत्रावरून उत्तर ठरवली होती. स्लॅबमध्ये सळया! होकायंत्र काय खरं सांगणार? (आणि होकायंत्राची उत्तर म्हणजे ध्रुवाची उत्तर नव्हेच, हा अजून एक घोळ.)

बाकीचे घोळ बारीक आहेत, पण आहेत. नळी तिच्या अक्षाशी अगदी काटकोनात बसलेली नसते. दोन अक्ष एकमेकांशी अगदी काटकोनात नसतात. नळी आडवी झाली की स्वतःच्या वजनानं किंचित वाकते, उभी असली की नाही. गिअरच्या दातांत फट असते. आणि हवा! क्षितिजालगतचा प्रकाश हवेतून येताना इतका वाकतो, की तिथली वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे 34 कला वर दिसते. मावळता सूर्य क्षितिजाला टेकलेला तुम्ही बघत असता, तेव्हा तो खरं तर खाली गेलेला असतो. ध्रुवताऱ्याच्या उंचीवरसुद्धा आपल्याकडे हा फरक सुमारे अडीच कलांचा असतो.

‘चूक रोज तेवढीच येते का?’

आमचे पप्पा वाळूजच्या एका कंपनीत सीएनसी सेटर आहेत. दुर्बिणीकडे ते कधी फिरकत नसत. दिवसभर मशीन, घरी आल्यावर परत मशीन कशाला? पण ओएलएक्सची जाहिरात आईनं त्यांना दाखवली. त्या रविवारी ते गच्चीवर आले तेव्हा छोटू स्टँडचे नट खोलत बसला होता.

“कामून खोलायलास?”

“चुकतंय ते. नीट अलाइन करतो सगळं.”

“किती चुकतंय?”

“लई.”

“लई म्हणजे किती? कुठल्या बाजूला? रोज तेवढंच चुकतं का?”

छोटू गप्प. त्यानं मोजलंच नव्हतं. मीही नसतंच मोजलं. आपण काय करतो, एखादी गोष्ट चुकली की पहिल्यांदा ती खोलतो.

मग पप्पांनी जे सांगितलं ते बजाजनगरातल्या निम्म्या घरांना माहीत असेल, मला नव्हतं. व्हीएमसी मशीनचा टेबल स्क्रूवर सरकतो. कंट्रोलरनं सांगितलं 500 मिलिमीटर जा, तर तो अगदी 500 वर कधीच जात नाही. काही मायक्रॉन इकडं, काही तिकडं. स्क्रूच तेवढा बिनचूक नसतो, आणि वापरून झिजतो ते वेगळंच. मग दर वेळी काय नवा स्क्रू बसवतात? नाही. लेझरवाला येतो. टेबल ठराविक अंतरानं थांबवत नेतो, दर थांब्यावर लेझरनं खरं अंतर मोजतो आणि फरकांचा तक्ता कंट्रोलरमध्ये भरतो. याला म्हणतात पिच एरर कॉम्पेन्सेशन. त्यानंतर कंट्रोलर स्वतःच ठरवतो, की मला 500 वर जायचंय, पण हा स्क्रू इथं चार मायक्रॉन पुढं पळतो, म्हणून मी त्याला चार कमी सांगतो. दिशा बदलताना पडणाऱ्या फटीचा म्हणजे बॅकलॅशचा आकडा वेगळा भरतात. फॅनक कंट्रोलरवर काम केलेल्या कुणालाही ‘1851’ म्हणा, पॅरामीटर लगेच ओळखतील.

“मशीन चुकतं याचं काही नाही,” पप्पा म्हणाले. “रोज तेवढंच चुकलं पाहिजे. रोज तेवढंच चुकतं म्हणजे तो त्याचा स्वभाव झाला. स्वभाव लिहून घेता येतो. पण आज इकडं अन् उद्या तिकडं चुकलं, तर मात्र पाना घे.”

म्हणून पहिलं काम मॉडेलचं नव्हतंच. एकच तारा घ्यायचा, दुर्बीण दुसरीकडं न्यायची, परत त्याच ताऱ्यावर आणायची. दहा वेळा. पहिल्या रात्री दहा वेळा दहा ठिकाणी गेली. कारण सापडलं ते सांगायला लाज वाटते. तिपाईच्या एका पायाचा स्क्रू ढिला होता आणि एका पुलीची ग्रब स्क्रू अर्धवट आवळलेली होती. कुठलंही सॉफ्टवेअर हे दुरुस्त करू शकलं नसतं. पप्पांनी दुसरी एक सवय लावली, तीही शॉप फ्लोअरवरची. कुठल्याही ताऱ्यावर जाताना शेवटचा टप्पा नेहमी एकाच बाजूनं गाठायचा, म्हणजे गिअरची फट दर वेळी एकाच बाजूला दाबलेली राहते. तिसऱ्या रात्री दहाच्या दहा वेळा तारा दीड-दोन कलांच्या आत. चुकीच्याच जागी, पण दर वेळी त्याच चुकीच्या जागी. पप्पा एवढे खूश मी माझ्या बारावीच्या रिझल्टला पण पाहिले नव्हते.

तीस डिश, तीस स्वभाव

हे सगळं चालू असताना मला खोडद आठवत होतं. नगर, आळेफाटा करत नारायणगावच्या बाजूला गेलात तर जुन्नर तालुक्यात हे गाव लागतं. तिथं जीएमआरटी आहे, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं मोठं प्रदर्शन भरतं, शाळा-कॉलेजच्या बस भरभरून येतात. मीही अशाच एका बसमधून गेले होते. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. 14 मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, टोकापासून टोकापर्यंत सुमारे 25 किलोमीटर. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या डिशना पत्रा नाही, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे, दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणलेली. वारा आरपार जातो, वजन वाचतं, पैसा वाचतो. तेव्हा मी फक्त सेल्फी काढला होता. ‘ही डिश बरोबर बघतेय हे कसं कळतं?’ हा प्रश्न डोक्यातही आला नव्हता.

आता तो प्रश्न भारी वाटतो. कारण रेडिओ दुर्बिणीला डोळा लावून बघायची सोय नाही. मग करतात काय? ज्याची जागा पक्की माहीत आहे असा जोरदार रेडिओ स्रोत निवडायचा. डिश त्याच्यावरून थोडी या बाजूला, थोडी त्या बाजूला फिरवायची आणि सिग्नल कुठं सगळ्यात जास्त येतो ते पाहायचं. जिथं यायला हवा तिथं आणि जिथं आला तिथं, यातला फरक म्हणजे त्या डिशची चूक. ती प्रत्येक डिशची वेगळी. जीएमआरटी 1420 मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकत असते तेव्हा एका डिशचा ‘नजरेचा झोत’ साधारण 24 कलांचा असतो, चंद्रापेक्षा थोडा लहान. म्हणजे डिश 12 कलांनी भलतीकडे असली, तर आधीच जीव नसलेला सिग्नल थेट निम्मा. 45 मीटरच्या लोखंडाला चंद्राच्या निम्म्याहून कमी चुकायचीही परवानगी नाही!

गिरवलीला, पुणे-नाशिक रस्त्यापासून आत, आयुकाची 2 मीटर आरशाची दुर्बीण आहे. तिथं प्रकाश बघतात, त्यामुळे हिशोब कलांचा राहत नाही, विकलांवर येतो.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. फ्रीड्रिश बेसेल नावाचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ होता. 1838मध्ये त्यानं हंस तारकासमूहातल्या 61 सिग्नी या ताऱ्याचं अंतर मोजलं. त्यासाठी जे सरकणं पकडायचं होतं ते होतं विकलेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढं. त्याचं उपकरणही माणसानंच बनवलेलं, म्हणजे चुकणारं. पण त्यानं उपकरणाच्या चुका अक्षरशः एकेक करून मोजून ठेवल्या होत्या. उपकरण दोनदा तयार होतं, एकदा कारागिराच्या हातून आणि दुसऱ्यांदा खगोलशास्त्रज्ञाच्या कागदावर दुरुस्त्यांच्या रूपानं, असा विचार त्यानं मांडून ठेवला आहे. हे मी पप्पांना वाचून दाखवलं. “बरोबर,” एवढंच म्हणाले, जसं काही बेसेल पुढच्या शेडमध्ये कामाला असावा.

टेढ ओळखायची कशी?

1974 साली ऑस्ट्रेलियात 3.9 मीटरची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण सुरू झाली. कॉम्प्युटरनं चालणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या दुर्बिणींपैकी ही एक. तिथं काम करणाऱ्या पॅट्रिक वॉलेस यांच्या हातून पुढे ‘टीपॉइंट’ हे सॉफ्टवेअर आकाराला आलं. आज जगभरच्या मोठ्या वेधशाळांत ते वापरतात, आणि हौशी लोकांनाही विकत मिळतं. आमच्या बजेटमध्ये ते नव्हतं. पण त्यामागची कल्पना समजली की एक्सेलमध्येही काम भागतं.

कल्पना अशी. पप्पांच्या मशीनसारखा नुसता तक्ता भरायचा म्हटलं, तर आकाशाच्या कानाकोपऱ्यात शेकडो ठिकाणी मोजावं लागेल. त्याऐवजी हे लक्षात घ्यायचं, की प्रत्येक दोषाची आकाशभर एक ठरलेली नक्षी उमटते. ध्रुवाकडचा अक्ष बाजूला कललेला असेल, तर चूक दिशेप्रमाणे लाटेसारखी वरखाली होते. पूर्वेला एकीकडे, पश्चिमेला दुसरीकडे. नळी काटकोनात नसेल, तर ती चूक ध्रुवाकडे जावं तशी वाढत जाते. शिवाय आमच्यासारख्या स्टँडवर उत्तर-दक्षिण रेषा ओलांडताना नळी अक्षाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते, तेव्हा ती चूक उलटी होते. वजनानं वाकण्याची चूक आडव्या नळीला सर्वाधिक, डोक्यावर बघताना शून्य. आणि सुरुवातीचा शून्यच चुकीचा धरला असेल, तर सगळीकडे सारखीच चूक.

म्हणजे एकूण चूक ही या सहा-सात नक्ष्यांची बेरीज. नक्ष्या माहीत आहेत, कुठली किती प्रमाणात मिसळली आहे ते माहीत नाही. आईच्या भाषेत, मसाले माहीत आहेत, प्रमाण चवीवरून ओळखायचंय.

ओळखायचं कसं? दुर्बीण आकाशात वेगवेगळ्या ठिकाणी न्यायची आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं, तुला कुठं पाठवलं आणि तू खरी कुठं पोचलीस? ‘खरी कुठं’ हे सांगायला आता भन्नाट सोय आहे. कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा आणि प्लेट सॉल्व्हिंग करणाऱ्या प्रोग्रामला द्यायचा. तो फोटोतले तारे ओळखतो, त्यांच्या आपसातल्या अंतरांवरून आकार बनवतो, ते आकार ताऱ्यांच्या यादीशी पडताळतो आणि सांगतो की फोटोचा मध्य आकाशात अमुक ठिकाणी आहे. अॅस्ट्रोमेट्री डॉट नेट आणि अॅस्टॅप हे दोन्ही फुकट. डोळ्याला एकही तारा दिसत नसलेल्या जागीसुद्धा काही सेकंदांच्या फोटोत पुरेसे तारे येतात. बजाजनगरच्या आकाशात!

डिसेंबरात, दोन रात्रींत, छोटूनं 30 ठिकाणं मोजली. मी वही धरून बसले होते, थंडीनं पेन चालत नव्हतं. आकडे भयानक होते. कुठं अर्धा अंश, कुठं दीड. पण पप्पांनी ते कागदावर बाणांसारखे काढायला लावले, आणि बाण बघितल्यावर आम्ही तिघंही थांबलो. पूर्वेचे सगळे एकीकडे झुकलेले, पश्चिमेचे दुसरीकडे. कुणी ओळीनं उभं केल्यासारखे! चूक इतकी शिस्तीत असू शकते, हे मला पहिल्यांदा दिसलं.

मग एक्सेलचं सॉल्व्हर. त्याला सांगायचं, या नक्ष्यांची प्रमाणं अशी निवड, की उरलेल्या सगळ्या चुकांचे वर्ग करून केलेली बेरीज कमीत कमी येईल. ही ‘लघुतम वर्ग’ पद्धत लजांद्र यांनी 1805मध्ये छापली, गाउस यांनी 1809मध्ये. दोघंही तेव्हा ग्रह-धूमकेतूंच्या कक्षांच्या मागे लागले होते. एमएससीच्या मैत्रिणीनं हे ऐकून तोंड वाकडं केलं, ‘आम्हाला तर हे नुसतं परीक्षेला आहे’.

सॉल्व्हरनं पहिल्याच झटक्यात सांगितलं, ध्रुवाकडचा अक्ष पावणेदोन अंश बाजूला आहे. होकायंत्राची कृपा. एवढी मोठी चूक सॉफ्टवेअरच्या गळ्यात मारायची नसते. त्यामुळे तारा चौकटीत आला तरी फोटो गोल फिरत राहतो. म्हणून ती मात्र पानं घेऊनच दुरुस्त केली. किती आणि कुठल्या बाजूला फिरवायचं, हे आता माहीत होतं, टाकीमागचा ध्रुवतारा दिसायची गरजच नव्हती. मग पुन्हा 30 ठिकाणं. या वेळी चुका 20 ते 30 कलांच्या.

इथं छोटूनं एक गडबड केली, ती तुम्हीही कराल म्हणून सांगते. त्याला उरलेली चूक अजून कमी हवी होती, म्हणून तो मॉडेलमध्ये नवनव्या नक्ष्या घालत सुटला. सात, दहा, चौदा. आकडा खाली येत गेला, पोरगा हवेत! मी सहज विचारलं, मोजलेलीच ठिकाणं बरोबर येतायत, न मोजलेली येतील का? तसं करून पाहिलं. 24 ठिकाणांवरून मॉडेल बनवलं आणि बाजूला ठेवलेल्या 6 ठिकाणांवर तपासलं. चौदा नक्ष्यांचं मॉडेल त्या 6 ठिकाणी वाईट हरलं. त्यानं दुर्बिणीचा स्वभाव शिकायचं सोडून त्या रात्रीचा वारा आणि ट्रकचे हादरे पाठ केले होते. गाइड पाठ करून परीक्षेला बसणाऱ्यासारखं. सहा नक्ष्यांचं साधं मॉडेल मात्र त्या सहाही ठिकाणी अडीच कलांच्या आत उतरलं.

दीड अंशावरून अडीच कला. छत्तीस पटींचा फरक, आणि यासाठी दुकानातून एकही नवा पार्ट आणला नाही.

मग दिसलं काय?

त्या आठवड्यात छोटूची परत सातची शिफ्ट होती. नऊला गच्चीवर, अकराला झोप. त्यानं लॅपटॉपवर निवडलं एम-1, खेकडा तेजोमेघ. 1054 साली चिनी निरीक्षकांनी ज्या ताऱ्याच्या स्फोटाची नोंद केली, त्याचा उरलेला ढग. वृषभ राशीत, हिवाळ्यात आपल्या जवळपास डोक्यावरून जातो. आकारानं सहा बाय चार कला, आणि बजाजनगरातून डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. त्याच्या पोटात एक मेलेला तारा सेकंदाला सुमारे 30 वेळा गरगरतोय.

बटण दाबलं. मोटर कुरकुरली, नळी वळली, थांबली. स्क्रीनवर राखाडी. माझ्या पोटात गोळा आला, ऑक्टोबर आठवला. छोटू म्हणाला, थांब, फोटो साठू दे. दहा फोटो, वीस, चाळीस, एकावर एक. आणि त्या राखाडीच्या मध्यापासून थोडं खाली एक फिकट डाग वर यायला लागला, कपड्यावर चहा सांडून धुतल्यावर उरतो तसा. बस, एवढंच. इन्स्टावर टाकायच्या लायकीचा नव्हता तो फोटो. पण शोधायला लागलेला वेळ शून्य मिनिटं.

पप्पा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग खालून मोठा ट्रेलर गेला, गच्ची थरथरली, एका फोटोत सगळे तारे रेघांसारखे ओढले गेले.

“हे बसतं का तुझ्या मॉडेलात?”

“नाही पप्पा. हे रोज तेवढंच नसतं.”

“मग तिपाईखाली रबर टाक. मशीनखाली टाकतो ते पॅड मिळतात, उद्या आणतो.”

तेवढ्यात छोटूच्या फोनवर मेसेज आला. ओएलएक्सची जाहिरात काढायची राहूनच गेली होती. ‘भाऊ, आहे का अजून? लास्ट किती?’ छोटूनं फोन उलटा ठेवला आणि पुढचे चाळीस फोटो लावले.